चौथ्या वाफ्याचा पाहुणचार

मु. औंढे, ता. मावळ

ती. सीतारामदाजींना हौशीरामचा नमस्कार. आमच्या सरूआक्काची तब्येत कशी आहे ते कळवावे. इकडे सर्व ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो, एरवी घरात बायकोशी बोलणं बंद आहे.

तुमच्या समीक्षाच्या एम.एस्सी.साठी मी विहिरीजवळचा उन्हाळी भुईमूग दिला, तो भाचीचं भलं व्हावं म्हणून. तिनं चार वाफे आखले. एकाला मातीतून जिप्सम, एकाला पानांवर बोरॉनची फवारणी, एकाला दोन्ही, आणि चौथा कोरा, म्हणजे नुसतं पाणी. कशानं दाण्यात तेल वाढतं ते या कोऱ्याशी ताडून बघायचं (एवढं मलासुद्धा समजलं, आणि मी दहावीला दोनदा बसलेला माणूस). पोरीनं पाट्या लावल्या, आम्हा दोघांना बजावलं आणि कॉलेजला गेली.

पण दाजी, आमच्या कस्तुराला बजावून उपयोग काय? तिचा जीव त्या चौथ्यावर. म्हणे, "पंगतीत तिघास्नी वाढायचं अन् चवथ्याच्या पानात नुसतं पाणी? आपल्या दारात असलं पाप न्हाई व्हायचं." मी डेअरीवर दूध घालायला गेलो की ही बाई शेणकाला, राख, आंबट ताक, हाताला लागेल ते त्या वाफ्याला वाढायची. (उन्हाळाभर मला कढी का मिळाली नाही, ते आत्ता कळतंय.)

परवा तेलाची तपासणी झाली. सगळ्यात जास्त तेल कोऱ्या वाफ्याच्या दाण्यात. सर म्हणाले, मग खत-फवारणी हवी कशाला? पोरगी रडत इकडे आली, तर कस्तुरानं तिला जवळ घेऊन कौतुकानं सांगितलं, "रडू नगं बाय, म्या त्याला उपाशी ठेवलाच न्हाई." दाजी, मी कपाळाला हात लावला. पोरीचं वर्ष वाया गेलं. माघात पुन्हा पेरून प्रयोग केला तरच पदवी मिळेल, असं सर म्हणतात. आक्काला नमस्कार सांगा.

आपला,
हौशीराम

ता. क. वाफे पुन्हा देतो. फक्त पेरणीपासून काढणीपर्यंत कस्तुराला तुमच्याकडे तळेगावला ठेवून घ्या. निमित्त काहीही सांगा.

पुन्हा ता. क. अबोला सोडून मीच निमित्त काढलं, ती यायला तयार आहे. पण आत्तापासूनच मला सांगून ठेवतेय, "मी न्हाई, तर त्या चवथ्याकडं तुमी बघा." चांगलं सुनावणार होतो, पण तोंडातून "बघतो" निघून गेलं. तेव्हा दाजी, मलाही बोलवा.