सुहासची द्वितीया

कोल्हार, १२ मे, मंगळवार
फादरनी सुहासला लॅटिनचं पातळसं पुस्तक दिलंय. पहिले दोन धडे, प्रथमा आणि द्वितीया. रविवारी तपासणार. जमलं तर सेमिनरीसाठी शिफारसपत्र, नाहीतर वर्षभर थांब. बारावीला दोनदा आपटलाय, म्हणून ही चाळणी. वर मलाच म्हणाले, "टीचर, विभक्ती तुम्हीच घ्या करून." एकुलता एक पोरगा धर्मगुरू व्हायला निघालाय, आणि तयारी मी करून घ्यायची!

१३ मे
दहा वाक्यं दिली. सहा चूक. वाईट वाटायला हवं होतं. नाही वाटलं. दुपारी उगाच कपाट आवरलं, परत विसकटलं.

१४ मे
चूक सापडली. माणूस असला की बरोबर लिहितो. आई मुलीला हाक मारते, तिथे 'फिलियाम'. शेतकरी पाणी नेतो, तिथे मात्र नुसतं 'आक्वा'. 'आक्वाम' हवं. मराठीत मुलीला 'ला' लागतो, पाण्याला नाही, तेच तिकडे चालवतोय. वीस वर्षं विभक्ती शिकवतेय, एका वाक्यात सांगता आलं असतं.
सांगितलं नाही. "परत कर," एवढंच म्हणाले.

१५ मे
सकाळपासून पाचदा अंगणात जाऊन आले. काही काम नव्हतं. संध्याकाळी हे फॅक्टरीतून आले, तर सु. त्यांना सांगतोय, "पप्पा, माझं डोकंच न्हाई त्यात. आई एवढं शिकवती, तरी येत न्हाई." हे म्हणाले, "आरं, तुझ्या आईनं लई ढ पोरं पास केलीत. भिऊ नको." मी आत, गॅसपाशी. भाजी करपली. लाज वाटली, फार.

१६ मे
चहाआधीच सांगून टाकलं. "निर्जीव असलं तरी प्रत्यय लावायचा, सुहास." दहाच्या दहा बरोबर!
"आई, एवढंच हुतं व्हय?"
एवढंच. असा हसला की मलाही हसू आलं. मग मोरीत जाऊन रडून घेतलं.

१७ मे, रविवार
चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, संपल्यावर फादरनी तिथंच बाकावर बसवून लिहून घेतलं. एक चूक, तीही किरकोळ. पत्र देणार. शिवाय एक कागद, आईवडिलांच्या संमतीचा. ह्यांनी लगेच सही ठोकली. मी म्हणाले, पेन नाही. पर्समध्ये तीन होती.
कागद घरी आणलाय. सु.नं दोनदा विचारलं. जेवण झाल्यावर करते, म्हणाले.
जेवणं होऊन भांडीसुद्धा घासून झाली.