मऊ चाकं

अप्पा, परवा नातवानं त्याच्या गाडीची चाकं बदलून आणली. आधीची कडक होती, आता रुंद, मऊ टायर घातलेत. म्हणाला, "आजी, बस. पोटातलं पाणी हलायचं न्हाई." मी बसले. भालकीच्या रस्त्याला लागलो, माझे डोळे मिटले, आणि स्टिअरिंगवर मला तुमचेच हात दिसायला लागले.

हैदराबादच्या पोलीस ॲक्शनच्या दहा-बारा वर्षं आधी तुम्ही हुलसूरला इनामदारांची गाडी चालवत होता, आणि मी निंबर्ग्याला सासरी होते. माझी दोन बाळं सातव्या महिन्यात पोटातच गेली होती. तिसऱ्या खेपेला सातवा लागला आणि पुन्हा अंगावरून जायला लागलं. वैद्य म्हणाले, गुलबर्ग्याच्या दवाखान्यात न्या, पण हिसका बसू देऊ नका. सासूबाई म्हणाल्या, "बैलगाडीला काय झालंय? आम्ही न्हाई का बाळंत झालो?" सासऱ्यांनी तरी तुमच्याकडं माणूस धाडला.

इनामदार तेव्हा हैदराबादला होते. त्यांची जुनी गाडी अडीनडीला न्यायची तुम्हाला मुभा होती. पण तिची चाकं उंच, लाकडी आऱ्यांची, टायर अरुंद आणि दगडासारखे. खडीवर ती बैलगाडीपेक्षा जास्त आपटायची. त्यांच्या नव्या गाडीचं इंजिन दुरुस्तीला उघडून पडलेलं, पण तिचे टायर फुगीर होते, कमी हवेवर चालणारे. ती चाकं काढायची मुभा तुम्हाला कुणी दिली नव्हती. तरी तुम्ही नवी गाडी दगडांवर उभी केलीत आणि तिची चारही चाकं जुनीला बसवलीत. मग आईला मागच्या सीटवर झोपवून वेशीपर्यंत नेलंत. आई लाजून मेली. "सारा गाव बघायलाय, उठू द्या की मला!" तुम्ही म्हणालात, "उठू नको. कुठं लागायलंय ते सांग." तिनं कमरेला लागतंय म्हटल्यावर तुम्ही थोडी हवा सोडलीत, पुन्हा फिरवलंत, पुन्हा सोडलीत. असं चार वेळा. हे तिनंच मला पुढं सांगितलं, हसत.

आणि मग ती सकाळ. मी मागं पडून आहे. खिडकीतून फक्त आभाळ दिसतंय, मधूनच एखाद्या लिंबाचा शेंडा पोहत आल्यासारखा येतो आणि जातो. ज्वारीचा ओला वास आत शिरतोय. नाला आला की तुम्ही उतरता, वाटेतले धोंडे हातानं बाजूला करता, परत येऊन बसता. मला कळत नाही आपण किती वेळ असे चाललोय.

"अप्पा, गाडी चालायलीय का थांबलीय?"

"चालायलीय पोरी."

"मग काहीच कामून कळत न्हाई?"

"चाकं चपला काढून चालायलीत. तू नीज."

मी खरंच झोपले. पोटात बाळ हललं तेव्हा जागी झाले, समोर गुलबर्गा होतं. दोन महिने तिथं पडून राहिले आणि मुलगी झाली, जिवंत, रडणारी.

इनामदार मात्र ठरल्याआधीच परतले होते. नवी गाडी दगडांवर पाहून त्यांनी तुम्हाला विचारलं, "मला विचारलं कामून न्हाई?" तुम्ही म्हणालात, "सरकार, विचारायला तुम्ही नव्हता, आन् तिला थांबायला वेळ नव्हता." त्यांनी तुम्हाला कामावरून काढलं. सोळा वर्षांची नोकरी. त्यानंतर तुम्ही उदगीरला मालाची लॉरी चालवत राहिलात, पाठ जाईपर्यंत.

चाकांपायी तुमची नोकरी गेल्याचं आईनं बारशाच्या सकाळीच मला माजघरात सांगितलं होतं. दुपारी पाळण्याभोवती बायका जमल्या. सासूबाईंनी विचारलं, "एवढी गाडी कुणी धाडली गं?" तुम्ही दारात उभे होता. विनापरवाना चाकं नेणाऱ्या ड्रायव्हरची लेक म्हणून सासरी राहायची मला भीती वाटली. मी म्हणाले, "इनामदारांनी. मुद्दाम माझ्यासाठी." सगळ्या तुमच्याकडं वळल्या. तुम्ही खाली बघितलंत आणि म्हणालात, "व्हय. सरकारांची मेहेरबानी."

ती मुलगी आता साठीची आहे. दर वाढदिवसाला देवापुढं हात जोडताना ती इनामदारांचंही नाव घेते. हा कागद तिच्या हातात द्यावा, असं आज तीनदा मनात आलं. तिसऱ्यांदा ती समोरच बसली होती, शेंगा फोडत. म्हणाली, "काय लिहायलीस आई?" मी म्हणाले, "काही न्हाई. सामानाची यादी."