सासरेबुवांचं घड्याळ आणि वॉशिंग मशीनचा पंप

सोमवार, ३ तारीख
सासरेबुवांचं चावीचं घड्याळ माझ्या ताब्यात. दिवसाला अर्धा तास पुढे पळतं. कारण: चुंबकत्व. आतली केसासारखी स्प्रिंग चिकटते. कोपऱ्यावरचा घड्याळवाला म्हणाला, ठेवून जा, मिनिटाचं काम आहे. मिनिटाच्या कामासाठी दुसऱ्याचे पाय कशाला धरायचे? चुंबकत्व घालवायचं मशीन घरीच बनवणार. सासरेबुवांना फोनवर तसा शब्द दिला. म्हणाले, रविवारपर्यंत झालं तर ठीक, नाहीतर साडूने दिलेलं डिजिटल घालतो.
ते डिजिटल त्या मनगटावर चढता कामा नये.

मंगळवार, ४
तांब्याची कॉइल हवी. वॉशिंग मशीनच्या पाणी उपसायच्या पंपात आयती आहे. पंप तात्पुरता काढला, भोकाला बूच लावलं. बायकोला सवडीने सांगेन.

बुधवार, ५
बायकोला आपोआप कळलं. कपडे पाण्यात, पाणी मशीनमध्ये. मोठ्या कामात घरच्यांनी थोडी कळ सोसावी, असं म्हणालो. चादरी मी पिळल्या. व्यायाम उत्तम.

गुरुवार, ६. सकाळ
यंत्र तयार. डब्यात पंपाची कॉइल, वर दारावरच्या बेलचं बटण. घड्याळ आत, बटण दाबलं, सोडलं, घड्याळ बाहेर. इतकं सोपं.

संध्याकाळ
घड्याळ आता तासाला दहा मिनिटं पुढे. पाठीला टाचणी चिकटते. म्हणजे चुंबकत्व बाहेर यायला लागलंय. शुभ लक्षण.

शुक्रवार, ७
बायको भाजी आणताना घड्याळवाल्याला विचारून आली. म्हणे, बटण दाबून धरायचं, घड्याळ हळूहळू लांब न्यायचं, मगच बटण सोडायचं. उचलली जीभ लावली टाळ्याला. माझ्याच पद्धतीने डोस दुप्पट केला.
आता दोन टाचण्या चिकटतात.

शनिवार, ८
घड्याळ थकलं असावं. विश्रांतीसाठी ड्रॉवरमध्ये ठेवून झोपलो. दुपारी उठून बघतो तर सेकंदाला सेकंद बरोबर! टाचणी चिकटत नाही. बायको नुकतीच बाहेरून आली होती, गालातल्या गालात हसत होती. तिलाही अभिमान वाटला असणार.

रविवार, ९
सासरेबुवा आले, सोबत साडू. घड्याळ मनगटावर चढलं. "जावईबापू, हातात जादू आहे तुमच्या," म्हणाले. साडूचा चेहरा बघण्यासारखा. मी यंत्र आणून माहिती द्यायला सुरुवात केली, तेवढ्यात बायको म्हणाली, "बाबा, घड्याळ मी काल कोपऱ्यावरून करून आणलं. यांच्या हातात अजून पंपच आहे."
पंप खरंच हातात होता.
सासरेबुवा उठले. आत जाऊन मशीनमधलं पाणी बघून आले. साडूने बाह्या वर केल्या आणि पंप बसवला. पाणी सुर्रकन उतरलं. सासरेबुवांनी घड्याळ बघितलं आणि म्हणाले, "मिनिटाचं काम होतं."
टॉर्च मी धरला होता.