ड्वाइटसाठी प्रार्थना

व्हर्नन,

मी चर्चला चाललेय. बीन्स गरम करून घे, वरून मीठ घालू नकोस. गोळ्या ग्लासाशेजारी ठेवल्यात.

विमा कंपनीचं उत्तर कालच आलं, तुला मुद्दाम सांगितलं नाही. अँब्युलन्सचे पैसे ते देणार नाहीत, कारण ती बोलावण्याआधी आपण त्यांची परवानगी घेतली नाही. तू अंगणात बेशुद्ध पडला होतास, हे सांगून सांगून माझं तोंड दुखलं. पत्राखाली सही ड्वाइटची आहे. हो, चर्चमध्ये आपल्या पुढच्या बाकावर बसणारा, माझ्या हातची पीचची गोड पाई मागून मागून खाणारा ड्वाइट. फोन केला तर म्हणतो, "लोरीनताई, नियम म्हणजे नियम."

आज पास्टर नेहमीप्रमाणे विचारतील, कुणासाठी प्रार्थना करायची आहे का. मी उभी राहणार आहे. ड्वाइटचं नाव घेऊन मागणार आहे, की तो कोसळेल तेव्हा आधी फोन करून परवानगी घेण्याइतपत देवाने त्याला शुद्धीवर ठेवावं.

मला अडवायला येऊ नकोस, गाडीच्या किल्ल्या माझ्याजवळ आहेत.

सगळं चर्च आमेन म्हणेल. त्यालाही म्हणावं लागेल.

लोरीन