बर्फातल्या नळ्या

प्रिय दादा,

फोनच करणार होते, पण फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस. ‘हं, हं, कळलं’ म्हणतोस आणि तिकडे रंधा मारायला लागतोस. म्हणून हे पत्र वहिनीच्या हाती तुझ्या कामावर पाठवतेय. गोड बातमी म्हणत नाही, आपल्या घरात हल्ली त्या शब्दाला बंदी आहे, पण बातमी चांगली आहे. तुझ्या लेकीचा, आपल्या बेडकीचा, दुसरा रिपोर्ट आला. पहिल्यातला किडनीचा तो भलताच वाढलेला आकडा खोटा होता. लघवीची तपासणीही अगदी नीट आहे. आता हातातलं काम बाजूला ठेव आणि पुढचं वाच. पहिल्या रिपोर्टवरून तू तिचं पोहणं बंद केलंस, आणि शनिवारी शाळेची शर्यत आहे. दुसरा रिपोर्ट वाचून तू तिला पाण्यात सोडशील याची मला मुळीच खात्री नाही.

आमच्या प्रयोगशाळेत काय चालतं ते तुला कधी नीट सांगितलंच नाही. किडनी म्हणजे नुसती गाळणी नव्हे रे. तिच्या हाती काही हार्मोन्सचाही कारभार असतो. रेनिन त्याच कारभारातलं. रक्तदाब उतरला की किडनी ते सोडते आणि तो सावरून धरते. मधुमेह असलेल्या मुलांची साखर आटोक्यात असण्या-नसण्याचा त्याच्याशी काय संबंध, हे आमच्या मोठ्या डॉक्टरीणबाई शोधताहेत. अजून त्यांनाही ठाऊक नाही, आणि ठाऊक नाही असं त्या बिनधास्त सांगतात, म्हणून मला आवडतात. पण हे रेनिन भारी चंचल. माणूस नुसता उठून उभा राहिला तरी वाढतं. म्हणून रक्त घेण्याआधी पोरांना अर्धा तास उताणं झोपवून ठेवायचं. आता पोरं आणि स्वस्थ पडणार! एकाला पाठीला खाज सुटते, दुसऱ्याला शू लागते, आणि एखादी फिसकन हसली की सगळी खोली हसायला लागते. तुझी बेडकी तर पडल्या पडल्या पाय मारत होती. दटावलं तर म्हणे, आत्या, मी झोपलेलीच आहे, पाय तेवढे पोहतायत. तिचा अर्धा तास मला पहिल्यापासून मोजावा लागला.

तर त्या खोट्या आकड्याची गोष्ट. आमच्याकडे दुसऱ्या प्रयोगशाळेतून एक गृहस्थ नव्याने आलेत. फार काळजीवाहू माणूस. तिकडे रक्ताच्या बहुतेक नळ्या बर्फात ठेवायची त्यांची सवय, म्हणून इथेही त्यांनी पोरांच्या सगळ्या नळ्या प्रेमाने बर्फात खोचून ठेवल्या. आणि रेनिनची तऱ्हाच उलटी. रक्तात त्याचं एक कच्चं, निजलेलं रूप असतं, ते गारठ्याने जागं होतं. मधुमेहात ते कच्चं रूप कधी कधी जास्तच असतं. म्हणजे किडनीने काही न करता आकडा आपोआप फुगतो. जपायला गेले आणि नेमकं तेच नडलं! डॉक्टरीणबाईंनी कागद पाहिले आणि म्हणाल्या, एकाच आठवड्यात आलेल्या सगळ्या पोरांच्या किडन्या एकदम कशा बिघडतील? उठल्या त्या थेट बर्फाच्या डब्यापाशी गेल्या. तेव्हापासून त्या गृहस्थांचं नाव थंडोबा पडलंय. पण माणूस सरळ आहे. घराघरात फोन करून त्यांनी स्वतः माफी मागितली आणि पोरांना पुन्हा बोलावलं. तू त्यांना बरंच सुनावलंस म्हणे. मला येऊन म्हणाले, तुमच्या बंधूंचा शब्दसंग्रह दांडगा आहे हो.

मी कोणाचं नाव घेत नाही, पण आपल्या घरातही एक थंडोबा आहे. वहिनी आणि बेडकी इन्सुलिनला कधीच सरावल्या. पोरगी स्वतःची सुई स्वतः टोचून घेते आणि मी तोंड वाकडं केलं की मलाच हसते. तीन महिन्यांची सरासरी साखर छान उतरलीय. आणि तू? तिचं दप्तर तू उचलतोस. पॉलिश न वाळलेल्या कपाटासारखं तिला कोणी हात लावू नये म्हणून आसपास घिरट्या घालतोस. डॉक्टरीणबाई म्हणतात, पोहू द्या. पाण्यात उतरण्याआधी साखर तपासायची, लागेल तसं खायचं, काठावर ग्लुकोजच्या गोळ्या ठेवायच्या, शिकवणाऱ्या बाईंना सगळं माहीत असायला हवं. ते मी त्यांना भेटून समजावून आलेय. भीती मलाही वाटते, दादा. पण तिला कोरडं ठेवून ती भीती जायची नाही.

हे सगळं वहिनीही तुला सांगू शकली असती. मी लिहायला बसले ते वेगळ्याच कारणाने. काल रक्त देऊन झाल्यावर बेडकी माझ्या स्टुलावर बसून राहिली, जायचं नावच घेईना. मी म्हटलं, शर्यतीचं मी बाबांशी बोलते, काळजी करू नकोस. तर म्हणाली, ते बोलच, पण आधी त्यांना सांग, मला ओरडा. आजारी पडल्यापासून तू तिला एकदाही रागावला नाहीस म्हणे. गणितात नापास झाली तर ‘असू दे हं बाळा’. तुझी चांगली पटाशी बागेत माती उकरायला नेली, तिची धार घालवली, तरी ‘असू दे हं बाळा’. मग खाली बघत मला विचारलंन, आत्या, मी मरणार आहे का? नाहीतर बाबा माझ्याशी इतकं चांगलं का वागतात? मी आधी पोट धरून हसले, मग तिला कुशीत घेऊन रडले, आणि नाही गं वेडे, मुळीच नाही, असं शंभरदा सांगितलं. पण माझ्या सांगण्यावर तिचा विश्वास बसला नाही. तो तुझ्याच तोंडून ऐकल्यावर बसेल. तेव्हा आज घरी गेलास की काहीतरी निमित्त काढ, तिच्याकडे निमित्तांना तोटा नाही, आणि तिला चांगली खणखणीत रागाव.

तुझीच,
शेंडेफळ