तापलेल्या नळीचा तक्ता

४ फेब्रुवारी, रविवार
सासुरवाडीला जेवण. मेव्हणा (दातांचा डॉक्टर, तोंड मात्र त्याचंच कायम उघडं) रायफल क्लबातली आपली बक्षिसं मोजून दाखवत होता. मी सहज म्हणालो, यात काय एवढं. तो म्हणाला, या की भावोजी, १४ एप्रिलला स्पर्धा आहे. सगळ्यांसमोर सांगून टाकलं, येतो आणि जिंकतो. हिने टेबलाखाली माझ्या पायावर पाय दिला. प्रोत्साहन असावं.

६ फेब्रुवारी, मंगळवार
मेंबर झालो. रायफली सांभाळणाऱ्या मिस्त्रींनी एक जुनी रायफल हातात दिली. चौदा वर्षं त्यांनीच पुसली-जपलीय म्हणे. देताना लेक सासरी पाठवल्यासारखा चेहरा.
दहा गोळ्या. पहिल्या तीन: नऊ, आठ, नऊ! जन्मजात देणगी. मग एकेक वर सरकत गेली. दहावी लाकडी चौकटीत.
मिस्त्री म्हणाले, घाई करू नका, नळी तापली की गोळी भटकते. दोन गोळ्यांमध्ये दोन मिनिटं थांबा.
मला उष्णता शिकवतात! बावीस वर्षं कारखान्यांचे बॉयलर तपासतोय. हसलो फक्त.

८ फेब्रुवारी, गुरुवार
विचार केला. नळी तापते, गोळी वर जाते. मग थांबायचं कशाला? तेवढा नेम खाली धरायचा! कितव्या गोळीला किती खाली, याचा तक्ता केला. दोन रंगांत. ऑफिसच्या वेळेत केला, पण विषय उष्णतेचाच असल्यामुळे ते कामच झालं.

१५ फेब्रुवारी, गुरुवार
गुरुवारी मिस्त्रींची सुट्टी असते. रेंजवर फक्त वॉचमन. प्रयोगाला योग्य वातावरण.
बारा मिनिटांत साठ गोळ्या. नळी एकदा पुरती तापली की स्थिर होणार, बॉयलरसारखी, असा सिद्धांत. स्थिर झाली नाही. उलट विसाव्या गोळीनंतर टार्गेटच पाण्यातल्यासारखं हलायला लागलं. वॉचमनकडे तक्रार केली, चौकटी नीट ठोका. तो म्हणाला, साहेब, चौकट जागेवर आहे, तुमच्या नळीवरून वाफा निघताहेत त्यातून बघताय तुम्ही.
तरी तक्त्यात दुरुस्ती केली.

१५ फेब्रुवारी, संध्याकाळी
नळी किती तापलीय ते बोटाने पाहिलं होतं. तीन बोटांना मलम. शिवाय रायफल खाली ठेवली ती रेंजवर आडवं पडायला नेलेल्या हिच्या व्यायामाच्या नव्या मॅटवर. मॅटला आता एक लांब खोबण आहे. हिला सांगितलं, घाम वाहून जायला सोय. तिने मॅट गुंडाळून माझ्या कपाटात ठेवली. पटलं असावं.

२९ फेब्रुवारी, गुरुवार
तिसरा गुरुवार. ऐंशी गोळ्या. आता थंड नळीच्या पहिल्या गोळ्यासुद्धा इकडेतिकडे जाताहेत. काडतुसांची पेटी खराब निघालेली दिसते.

५ मार्च, मंगळवार
मिस्त्रींनी बोलावलं. नळीत एक बारीक कॅमेरा घातला आणि पडद्यावर दाखवलं. काडतूस बसतं तिथून पुढे दोन बोटं पोलाद आटलेल्या तळ्याच्या तळासारखं तडकलंय. तापलेल्या नळीत गोळ्यांमागून गोळ्या झाडल्या की आतली ज्वाला पोलाद खाते, म्हणाले. पाच वर्षांची झीज तुम्ही तीन आठवड्यांत केलीत.
ओरडले नाहीत. चहा विचारला.
पोलादच मुळात हलकं असणार. तपासणीचा दाखला मागायला हवा.
(वरची दोन वाक्यं खोडली.) जेवण गेलं नाही. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

७ मार्च, गुरुवार
मिस्त्रींच्या घरी जाऊन माफी मागितली. म्हटलं, नळी बदलून घ्या, काय तो खर्च माझा. ते म्हणाले, शंभर मीटरला अजून एक हंगाम निघेल. पण थंड ठेवलीत तर.
तक्ता फाडला. निश्चय: आजपासून थंडपणा!

१० मार्च, रविवार
नळीवर ओला टॉवेल टाकला. मिस्त्रींनी तो ज्या वेगाने हिसकावला, त्या वयात तो वेग कौतुकास्पद. पाणी आणि पोलाद, कळतं का काही, म्हणाले. आज मात्र ओरडले. बरं वाटलं.
मग छोटा पंखा आणि नळीवर तापमान दाखवणारी पट्टी. त्याला त्यांची हरकत नाही.

१७ मार्च, रविवार
चमत्कार! गोळी, अडीच मिनिटं, गोळी, अडीच मिनिटं. शंभरपैकी चौऱ्याऐंशी! मिस्त्री ‘हं’ म्हणाले. त्यांच्या हिशेबी हा टाळ्यांचा कडकडाट.
ही मुद्दाम बघायला आली होती. नेमबाजी नाही, मला. लग्नाला वीस वर्षं झाली, तुम्ही अडीच मिनिटं गप्प बसलेले एकदा डोळ्यांनी पाहायचे होते, म्हणाली.

७ एप्रिल, रविवार
एक्क्याण्णव!! कारखान्यातला फोरमन म्हणाला, साहेब, हल्ली तुम्ही बॉयलरशी हळू बोलता. मेव्हण्याला फोन करून तब्येतीची चौकशी केली. घाबरलेला वाटला. बक्षिसाच्या वेळी दोन शब्द बोलावे लागतील, ते लिहून काढले. चार पानं झाली. मेव्हण्याचा उल्लेख मोठ्या मनाने.

१४ एप्रिल, रविवार, सकाळी
वीस गोळ्या, एक तास. माझी जागा सातवी, मेव्हण्याची आठवी. योजना पक्की: गोळी कुठे लागली ते दुर्बिणीतून बघायचंच नाही. मन विचलित होतं. डोळा फक्त पट्टीवर.

१४ एप्रिल, दुपारी
आयुष्यात इतकी सुंदर वीस गोळ्यांची मालिका झाडली नव्हती. पट्टी चौतीसच्या वर गेली नाही. एकदाही नाही. गोळी, पट्टी, पंखा, पुन्हा गोळी. हात दगड. उठलो तेव्हा मिस्त्रींना मिठी मारली.
मग टार्गेटं आणली.
सातवं कोरं. करकरीत, छापखान्यातून आल्यासारखं.
आठव्याच्या मधोमध एकच मोठं भोक, आणि भोवती मेव्हण्याच्या नेहमीच्या विखुरलेल्या गोळ्या. दर वेळी पट्टीवरून मान वर केली ती शेजारच्या टार्गेटावर. वीसच्या वीस वेळा. मेव्हण्यालाही दुर्बिणीतून संशय आला नाही. म्हणतो, वाटलं आज हात बसलाय.
क्लबाचा नियम: कुठली गोळी कुणाची हे कळत नसेल तर चांगल्या वीस टार्गेटाच्या मालकाच्या. मेव्हणा एकशे शहाण्णव. क्लबाचा विक्रम. मी शून्य.
मिस्त्री ते भोक बराच वेळ बघत होते. म्हणाले, या नळीने चौदा वर्षांत असं कधी मारलं नव्हतं. त्यांचे डोळे ओले होते. माझेही, पण कारण वेगळं.
मेव्हण्याने बक्षिसाचं भाषण लिहून आणलं नव्हतं, म्हणून माझी चार पानं त्याला दिली. त्याने ती सगळी वाचली. मेव्हण्याचा मोठ्या मनाने केलेला उल्लेखसुद्धा.
हिचा फोन आला, कसं झालं. म्हटलं, नळी शेवटपर्यंत थंड होती. ती म्हणाली, ते असू द्या हो, निकाल सांगा.
फोन मेव्हण्याकडे दिला.