पालखीपुढचा ढोल

सोमवार, दिवस मावळताना

आज खाली गावात ग्रामसभा झाली. आमच्या धनगरवस्तीची पंचायत वेगळी करायची का, त्यासाठी हात वर करायचे होते. पण मत एकट्या वस्तीचं न्हाई, अख्ख्या गावाचं. सुनेनं वेगळी चूल मांडायची का, हे सगळ्या सासरानं हात वर करून ठरवायचं, तसली गत. हरणार हे ठाऊकच होतं.

तरी मामंजींनी सगळ्यात आधी हात वर केला. खांद्यावर घोंगडी, हात ताठ. त्यांचं बघून सगळ्या वस्तीनं केला.

सरपंच हसत म्हणाले, "व्हा की वेगळे. पण मग जत्रंत पालखीम्होरं तुमचा ढोल न्हाई वाजायचा. परक्या गावाला कसला मान?"

मामंजींचा हात खाली आला. घोंगडी सावरायला घेतल्यागत, हळू. मागोमाग सगळ्यांचे. माझा वर होता, पण बायांकडं बघतंय कोण? ग्रामसेवकानं लिहून टाकलं, वस्तीलाच नको आहे. नुसतं हरलो असतो तरी चाललं असतं.

चढण चढताना म्या विचारलं, "मामंजी, ढोलानं नळाला पाणी येतं व्हय?"

"देवाम्होरचा मान हाय पोरी. कसा सोडायचा?"

रस्ता न्हाई, आजारी माणूस झोळीत घालून खाली न्यायचा. ते सोसतं. ढोल सुटत न्हाई.

आत्ता ते ओसरीवर बसून त्याच हातानं ढोलाच्या दोऱ्या ताणतायत. जत्रा अजून लई लांब हाय.